घरचं विणकाम आणि हातकताई: नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घरी विणते आणि सूतही कातते. शेजारपाजारातून, नात्यातून, मैत्रिणींच्या मैत्रिणींकडून प्रश्न येत राहतात आणि त्यातले बरेचसे तेच ते असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. ही उत्तरं नागपूरच्या हवेसाठी आणि विदर्भातल्या कापसासाठी आहेत. पुस्तकांतले आणि व्हिडिओंतले बहुतेक नमुने थंड मुलखातल्या लोकांनी स्वतःसाठी केलेले असतात. ते आहेत तसे इथे उचलले की निम्मी मेहनत कपाटात जाते. इथली हवा आणि हाताशी असलेला कापूस बघून काय करायचं ते ठरवावं, एवढंच माझं सगळ्यांना सांगणं असतं.

नागपुरात थंडी ती किती! मग विणायचं कशाला?

थंडी थोडे दिवस असते, पण असते तेव्हा बोचते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो आणि सकाळी सातच्या शाळेला निघालेल्या पोरांचे कान लाल होतात. दुपारी मात्र ऊन चटका देतं. त्यामुळे जाड, पूर्ण बाह्यांचा स्वेटर इथे अकरा वाजता अंगातून निघतो आणि कमरेला बांधला जातो. आपल्याकडे खरं काम पडतं ते बिनबाह्यांच्या जाकिटाचं, कानटोपीचं, पातळ मफलरचं आणि बाळंतविड्यातल्या टोपड्या-मोज्यांचं.

उरलेल्या नऊ-दहा महिन्यांत सुती विणावं. एप्रिल-मेमध्ये दुचाकीवर निघणारी प्रत्येक मुलगी तोंडाला स्कार्फ गुंडाळते. जाळीच्या विणीचा, पातळ सुती स्कार्फ त्याला फार छान होतो, घाम टिपतो आणि वाराही आत येऊ देतो. सोबत ओट्यावरची फडकी, बाळाचं दुपटं, ताटाखालचे चौकोन. नागपुरात विणकाम बारमाही चालतं, फक्त धागा बदलायचा.

आधी विणायला शिकू की कातायला?

विणायला. सुलट आणि उलट हे दोन टाके, टाके घालणं आणि बंद करणं, इतकं हातात बसलं की चांगला धागा म्हणजे काय हे बोटांना कळायला लागतं. मग कातताना आपल्याला काय हवंय ते आपोआप समजतं. पहिलं काम म्हणून बाजारच्या सुती धाग्याचं एक चौकोनी फडकं विणा. वाकडं झालं तरी ओट्यावर उपयोगी पडतंच.

सुया कोणत्या घ्याव्या? नंबरांचा गोंधळ होतो.

होणारच. आपल्या दुकानांत जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन, 12 नंबर म्हणजे साधारण पावणेतीन. अमेरिकन नंबर याच्या अगदी उलटे चालतात, त्यांची 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची असते. म्हणून नंबर सोडा आणि मिलिमीटर बघा. सुरुवातीला 8 आणि 10 नंबरच्या दोन जोड्या पुरेत.

मे महिन्यात घामेजलेल्या हातात ॲल्युमिनियमच्या सुया सटकतात, धागाही काळपट होतो. तेव्हा बांबूच्या बऱ्या. आणि शक्य झालं तर मध्ये तार असलेली गोल सुई घ्याच. विणलेल्याचं वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही.

दुकानदार ‘वुलन’ म्हणून देतो ते खरंच लोकर असतं का?

इतवारीत किंवा सीताबर्डीवर ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिक असतो. त्यात वाईट काही नाही. धुवायला सोपा, रंग पक्का, अंगाला टोचत नाही, पोरांच्या रोजच्या जाकिटाला मी तोच वापरते. पण पैसे लोकरीचे देत असाल तर घरी येऊन जाळून बघा. बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून पेटवा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक काळा मणी होतो. कापूस कागदासारखा जळतो आणि करडी राख सोडतो. मिश्र धाग्यात वास केसांचा येतो आणि मणीही राहतो.

ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका. वीण मरते, ती पुन्हा उठत नाही.

नमुन्याचा तुकडा विणून बघणं खरंच लागतं का?

हो. सगळ्यात जास्त कंटाळा याचाच केला जातो, म्हणून हिशेबच मांडते.

समजा नातवाची छाती 60 सेंटिमीटर आहे. आत शर्ट येणार, म्हणून 6 सेंटिमीटर सैल धरलं, म्हणजे जाकिटाचा घेर 66. पुढचा भाग 33 सेंटिमीटर. पुस्तकात 10 सेंटिमीटरला 20 टाके लिहिलेत, म्हणून तुम्ही 66 टाके घातले. पण तुमचा हात जरा घट्ट आहे आणि तुमचे 10 सेंटिमीटरला 22 टाके बसतात. मग तेच 66 टाके 30 सेंटिमीटरच भरतात. दोन्ही भाग जोडले की घेर 60, म्हणजे छातीला चिकटून. शर्टावर ते जाकीट चढायचंच नाही. दर 10 सेंटिमीटरला फरक फक्त दोन टाक्यांचा, पण पूर्ण जाकीट वाया गेलं.

म्हणून 30 टाक्यांचा, हातभर नको पण वीतभर तरी तुकडा विणा. तो धुवा, वाळवा आणि मग मधले 10 सेंटिमीटर मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी वेगळे बसतात. सुती धाग्याला तर धुण्याआधीचं माप धरूच नका. टाके जास्त भरले तर सुई एक नंबर जाड घ्या, कमी भरले तर बारीक.

कातायला टकळी घेऊ की चरखा?

टकळी. पोलादी काडी, खाली पितळी चकती, वर धागा अडकवायला खाच, बस. पर्समध्ये मावते. पीळ केव्हा पुरेसा झाला, केव्हा जास्त झाला हे टकळीवर डोळ्यांदेखत दिसतं. गांधीजींनी आणि विनोबांनी शाळेतल्या मुलांच्या हाती टकळीच दिली होती.

हात बसला की पेटीचरखा. 1930 च्या दशकात येरवडा तुरुंगात असताना गांधीजींनी याच्या घडणीवर बरंच काम केलं, म्हणून त्याला येरवडा चरखाही म्हणतात. पेटीत दोन चाकं असतात. मोठ्यावरून माळ, म्हणजे चाकं फिरवणारी दोरी, धाकट्यावर जाते आणि धाकट्यावरून चातीवर, म्हणजे सूत कातलं जातं त्या काडीवर. मोठं चाक एकदा फिरवलं की चाती शंभरेक फेरे घेते, चरख्याच्या मापानुसार थोडे कमी-जास्त. देशी कापसाचे तंतू आखूड असतात, त्यांना पीळ भरपूर लागतो. तो हा चरखा देतो. पायाने चालवायची परदेशी चाकं लोकरीसाठी उत्तम, पण आपल्या कापसासाठी पेटीचरखाच घ्या.

वर्ध्याजवळ गोपुरीला ग्राम सेवा मंडळाचं खादीचं काम एकदा बघून या. वर्ध्यातच मगन संग्रहालय आहे. गांधीजींचे नात्यातले आणि खादीकामातले सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावाचं हे संग्रहालय 1938 साली सुरू झालं. तिथले चरखे बघितले की एकच अडचण किती डोक्यांनी किती वाटांनी सोडवली ते कळतं. नागपूरहून सकाळी निघालात तर सेवाग्राम पाहून संध्याकाळी घरी परतता येतं.

कापूस कुठून आणायचा? मेडिकलमधला चालेल का?

मेडिकलमधला नको. तो सोड्यात उकळून धुतलेला असतो आणि कापसाच्या अंगचं मेण त्यातून गेलेलं असतं. त्या मेणामुळेच तंतू एकमेकांवरून घसरतात. ते नसेल तर धागा ओढताना अडकत, तुटत निघतो. गादीवाल्याकडचाही नको, त्यात जुना, आखूड, पुन्हा पिंजलेला माल असतो.

आपण कापसाच्या मुलखात राहतो, याचा फायदा घ्या. काटोल, कळमेश्वर, सावनेर, हिंगणघाट, कुठेतरी कुणाचं तरी शेत असतंच. दसरा-दिवाळीच्या सुमाराला वेचणी सुरू होते. पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा कापूस मागा. शेवटचा फरदडीचा कापूस कमजोर असतो आणि कवडी, म्हणजे नीट न उमललेला, किडका कापूस तर घेऊच नका. ओळखीच्या शेतकऱ्याकडून किलोभर आणला तर हौशी माणसाला कितीतरी दिवस पुरतो. मात्र जिनिंगवाला देतो तो भाव न मागता, चार पैसे जास्त द्या. निवडून, पाला झटकून देतात ते लोक.

सरकी काढायचं काम घरी होतं आणि ते फार सुखाचं आहे. लाकडी पाट घ्या, त्यावर कापसाची एक पाकळी पसरा. विणायची जाड लोखंडी सुई पाटावर आडवी ठेवून तळव्यांनी दाबत पुढे लाटा. सुई सरकीला ढकलत नेते आणि सरकी टप्कन पुढे उडते, रुई मागे राहते. एका वेळी एकच पाकळी, जोर बेताचा. फार दाबलं तर सरकी फुटून तेलाचा डाग पडतो. 100 ग्रॅम कापसातून 33-35 ग्रॅम रुई निघते, तेव्हा कमी भरली म्हणून घाबरू नका.

रुई मग पिंजायची. धनुकली, म्हणजे पिंजायचं छोटं धनुष्य, असेल तर उत्तम, नसेल तर बारीक तारांचे दोन ब्रश. पिंजलेली पातळ चादर काडीभोवती हलकेच गुंडाळून काडी ओढून घेतली की पेळू तयार. पेळू सैल हवा. कताईतल्या निम्म्या तक्रारी घट्ट पेळूमुळे असतात.

देशी कापूस घ्यावा की अमेरिकन?

मिळेल तो. आज शेतांत बहुतेक संकरित अमेरिकन जातच आहे, तंतू 28-30 मिलिमीटरपर्यंत, कातायला सोपी. गावरान देशी कापसाचा तंतू आखूड आणि जरा खरखरीत, पण त्याचं सूत भरीव होतं आणि फडक्यांना, आसनांना फार टिकतं. मला स्वतःला देशीच आवडतो. नागपुरात 1976 पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, देशी वाणांवरही तिथे काम चालतं.

धागा सारखा तुटतो. काय चुकतं?

आधी महिना कोणता ते सांगा. मे महिन्यात दुपारी नागपूरची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास येते. एवढ्या कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो, रुई उडते आणि धागा तुटतो. ओलावा मिळाला की कापूस उलट मजबूत होतो. म्हणूनच गिरण्यांत सूतखात्याची हवा मुद्दाम दमट ठेवतात. गांधीसागर तलावाजवळ आज मॉल उभा आहे तिथे 1 जानेवारी 1877 पासून जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल चालायची. नागपूरच्या उन्हाळ्यात तिथे सूत निघत होतं, तर आपल्या खोलीतही निघेल.

कूलर लावा. डेझर्ट कूलरने खोलीची हवा दमट होते आणि कातायला अगदी योग्य ठरते. फक्त त्याच्या झोतात बसू नका, पेळू उडतो. भिंतीच्या कडेला, पंखा बंद ठेवून बसा. पेळू अर्धा तास आधी त्याच खोलीत उघडे ठेवा. नाहीतर पहाटे काता, पहाटेची हवा दुपारइतकी कोरडी नसते. जुलै-ऑगस्टमध्ये उलट त्रास, रुई दमट होऊन चिकटते. तेव्हा पेळू डब्यात बंद ठेवा.

हवा ठीक असूनही तुटत असेल तर तुटलेलं टोक नीट बघा. टोक विस्कटलेलं, सुटं सुटं दिसलं तर पीळ कमी पडलाय. हात मागे नेण्याआधी चाक अजून थोडं फिरवा. टोक कडक असून धागा स्वतःभोवतीच वळत असेल तर पीळ जास्त झाला, हात लवकर मागे न्या. आणि एकाच जागी गाठीशी तुटत असेल तर दोष पिंजण्यात आहे, तुमच्या हातात नाही.

हातकताईचं सूत थेट विणायला घेतलं तर चालतं का?

एकेरी घेऊ नका. एकेरी धाग्यातला पीळ मोकळं व्हायला बघतो आणि सुलट विणीचं कापड तिरकं होतं, चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो. कितीही ताणून वाळवा, पुन्हा तिरकं.

दोन, चार किंवा जास्त पदर एकत्र करून उलट दिशेला पीळ द्यायचा. कातताना चाती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर पदर जोडताना त्याच्या विरुद्ध. दोन्ही पीळ एकमेकांना आवरतात. झालेल्या धाग्याचा हातभर भाग सैल सोडून बघा. सरळ झुलत राहिला तर जमलं. स्वतःभोवती गुंडाळला तर पीळ कमी-जास्त आहे.

मग लडी चार जागी सैल बांधून धुण्याचा सोडा आणि साबण घातलेल्या पाण्यात तासभर उकळा. पाणी चहाच्या रंगाचं होतं, ते मेण आणि मळ. हे न करता विणलं तर पहिल्या धुण्यात कापड आकसतं आणि पाणीही नीट शोषत नाही.

किती सूत कातावं लागेल?

खादीच्या हिशेबात 1000 मीटर सुताची एक गुंडी. 1 किलोत जितक्या गुंड्या भरतात तो सुताचा मेट्रिक अंक. 20 अंकी सूत म्हणजे किलोत 20 गुंड्या, 100 ग्रॅममध्ये 2000 मीटर. त्याचे पाच पदर केले की विणायला 400 मीटर धागा मिळतो, जो 3 मिलिमीटरच्या सुईवर छान बसतो. तान्ह्या बाळाच्या अंगरख्याला 100 ग्रॅम पुरतात.

आपलं सूत किती अंकी आहे ते कळायला 100 मीटर मोजून वजन करा. 5 ग्रॅम भरलं तर 20 अंकी, 10 ग्रॅम भरलं तर 10 अंकी. नवशिक्याने 10 अंकीवरच राहावं.

सुती स्वेटर लोंबतो, घेर वाढतो. उपाय?

कापसाला लोकरीसारखी लवचीकता नाही आणि त्याचं वजनही जास्त. सुई एक नंबर बारीक घ्या. एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर सुती कामात काही दिवसांत सैल पडते, तिच्या जागी नुसत्या सुलट टाक्यांची पट्टी ठेवा. खांद्याची शिवण घट्ट, दुहेरी सुताने घाला, सगळा भार तिथे येतो. आणि दांडीवर टांगून वाळवू नका, सपाट पसरा.

मेंढीची लोकर कातायची आहे. इथे मिळते का?

मिळते, पण ती कशासाठी चालेल हे आधी समजून घ्या. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ आणि बरीचशी काळी असते. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हिचा त्याच्या दुपटीच्या आसपास. अंगाशी टोचते. घोंगडीसाठी, आसनासाठी, दारातल्या पायपुसण्यासाठी मात्र तिच्यासारखी दुसरी नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे कुरमार मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घोंगड्या करत आले आहेत. कच्छकडून उंट आणि कळप घेऊन विदर्भात फिरणारे रबारी मेंढपाळही नागपूरच्या आसपास शेतांत उतरतात. कातरणीच्या दिवसांत त्यांच्याशी बोललं तर लोकर मिळते.

कच्ची लोकर कोमट पाण्यात रिठा घालून भिजवा, चोळू नका. चोळली की नमदा होतो, म्हणजे तंतू एकमेकांत घट्ट गुंतून बसतात. ओली लोकर सुक्या लोकरीपेक्षा कमजोर असते, पिळायचीही नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा.

घरी रंगवता येतं का?

येतं. होळीच्या आधी पळस फुलतो तेव्हा झाडाखाली पडलेली फुलं वेचा, सावलीत वाळवा. सुतावर रंग धरायला आधी हिरड्याच्या काढ्यात रात्रभर, मग तुरटीच्या पाण्यात रात्रभर ठेवावं लागतं. सुताच्या वजनाच्या 15-20 टक्के हिरडा, साधारण तितकीच तुरटी. मग पळसाच्या काढ्यात मंद आचेवर. उबदार पिवळा येतो. उन्हात तो हळूहळू उडतो, म्हणून सावलीत वाळवा. डाळिंबाच्या सालींचा रंग जास्त टिकतो. रंगाची भांडी वेगळी ठेवा, त्यात पुन्हा स्वयंपाक नको.

लोकरीला कसर लागते. कडुनिंबाचा पाला पुरतो का?

एकटा पाला पुरत नाही. कसरीच्या अळीला घामाचे, तेलाचे डाग असलेली लोकर आवडते. होळी झाली की सगळं धुऊन, एप्रिलच्या उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मग हवा तर पाला टाका. ॲक्रिलिक आणि साधं सूत ती अळी खात नाही, पण खळ घातलेल्या सुती कपड्यांना दुसरे किडे लागतात, तेव्हा खळ काढूनच ठेवा.

विकत करून द्याल का?

नाही. शिकवीन मात्र आनंदाने.

मनगट आणि मान दुखते.

अर्ध्या तासाने उठा. काम डोळ्यांजवळ उचलून आणा, मान खाली घालू नका. बोटांना मुंग्या येत असतील तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

माळ्यावर आजोबांचा पेटीचरखा सापडलाय. चालू होईल का?

बहुतेक वेळा होतो. आधी चाती बघा. काचेवर ठेवून लोटा, डगमगत घरंगळली तर वाकलेली आहे, बदलावी लागेल. चाकाला तडा नसेल तर लाकडाला फक्त कोरडं फडकं. आसाला आणि चातीच्या टेकूला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. माळ जुनी असेल तर कापून टाका. नवी माळ पीळदार, एकसारख्या सुती दोऱ्याची घ्या. गाठ जाड झाली तर प्रत्येक फेऱ्याला चाती उसळते, म्हणून टोकं उलगडून, पातळ करून, एकात एक वळून दोन टाके घाला. माळ इतकीच ताणा की बोटाने दाबल्यावर जराशी खाली जाईल. पहिले दोन-तीन पेळू खराबच निघतील, चातीचा गंज त्यांना लागतो. ते फेकू नका, वाती वळायला ठेवा.